नो वेट फॉर माय कॉल: एका न टाकलेल्या कॉमाची गोष्ट

(हे या भागाचं लेखी रूप. बोलताना जे म्हटलं तेच थोडं आवरून लिहिलंय. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत ठेवली आहेत, कानाला जशी ऐकू येतात तशी. त्यातली चिन्हं मात्र डोळ्यांनी नीट बघा, कारण आजचा सगळा विषय तोच आहे.)

बाहेर धो धो पाऊस चालू आहे, त्यामुळे मागून पत्र्याचा आवाज येत राहील, तेवढं सांभाळून घ्या. मी नेहमीप्रमाणे खारीतून बोलतोय. खारी म्हणजे भाईंदर पूर्वेचं खारीगाव, चहात बुडवून खायची ती खारी नव्हे. ऑफिसात प्रत्येक नव्या माणसाला हे एकदा तरी सांगावं लागतं.

आजचा विषय आहे इंग्रजी वाक्यातली विरामचिन्हं. म्हणजे कॉमा, फुलस्टॉप वगैरे. मी इंग्रजीचा शिक्षक नाही. बीटेक केलंय, सॉफ्टवेअर लिहितो, दहावीपर्यंत मराठी माध्यम. तरी या विषयावर बोलायचा मला थोडा हक्क आहे, कारण माझ्या एका कॉमाची किंमत मोजावी लागली होती. आणि ती मी नाही, दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

शुक्रवार संध्याकाळ, भाईंदर लोकल

नोकरीतलं माझं तिसरं वर्ष होतं. शुक्रवारी संध्याकाळी अंधेरीहून भाईंदर लोकल पकडली. एका हातात वरची कडी, दुसऱ्या हातात फोन, पाठीवरची बॅग पोटावर. आमच्या टीममध्ये एक नवी मुलगी लागली होती, जालन्याकडची, माझ्यासारखीच मराठी माध्यमातली. जुना डेटा साफ करणारी एक स्क्रिप्ट तिच्याकडे होती. तिने ऑफिसच्या चॅटवर विचारलं, "शाल आय रन द क्लीनअप नाऊ?"

मला म्हणायचं होतं: नाही, माझ्या फोनची वाट बघ. एका अंगठ्याने टाईप केलं, "नो वेट फॉर माय कॉल". पाठवलं आणि फोन खिशात टाकला.

आता तुम्हीच वाचा. नो टेन्शन, नो पार्किंग, नो वेट. तिने वाचलं: माझ्या कॉलसाठी थांबायची गरज नाही. तिने स्क्रिप्ट चालवली. कोणता डेटा ठेवायचा ती यादी मी अजून तपासलेलीच नव्हती. टेस्टिंगवाल्यांनी हाताने भरलेला तीन आठवड्यांचा डेटा उडाला. नशीब, तो खऱ्या ग्राहकांचा नव्हता. पण शनिवार-रविवार चार माणसं बसून तो पुन्हा भरत होती.

सोमवारी मीटिंगमध्ये तिला सगळ्यांसमोर विचारलं गेलं, "साधं इंग्रजी वाचता येत नाही का?" ती गप्प बसली. मीही गप्प बसलो. मला ती चूक तितकी टोचत नाही जितकं ते गप्प बसणं टोचतं. जेवणानंतर मी तोच मेसेज स्क्रीनवर उघडून सांगितलं की इथे "नो" नंतर कॉमा हवा होता, तो मी टाकला नाही. तिने जे लिहिलं होतं तेच वाचलं.

"नो, वेट फॉर माय कॉल." एक कॉमा. बस, तेवढाच फरक.

एवढ्याशा चिन्हाने काय होतं?

"ध"चा "मा" केल्याची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला आणि त्याआधी चिठ्ठीतल्या "धरावे"चं कुणीतरी "मारावे" केलं, अशी ती आख्यायिका. तिथे निदान एक अक्षर बदललं होतं. कॉमाच्या बाबतीत अक्षर एकही बदलत नाही आणि तरी अर्थ फिरतो.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे, १९७९ सालचा, आणि खटला आपल्याच महाराष्ट्रातला. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०, त्याचं कलम २७. परवान्याशिवाय औषध बनवणं, विकणं वगैरे गोष्टींना त्यात शिक्षा आहे. त्या यादीत तेव्हा शब्द होते: "स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल". प्रश्न असा होता की एखाद्याकडे औषधांचा नुसता साठा सापडला तर तो गुन्हा का? न्यायालयाने बघितलं की आधीच्या प्रत्येक तुकड्यानंतर कॉमा आहे, पण "स्टॉक्स" नंतर नाही. म्हणून "फॉर सेल" हे शब्द "स्टॉक्स"लाही लागू होतात, तो सगळा एकच तुकडा आहे. अर्थात साठा विक्रीसाठी होता हे सिद्ध व्हायला हवं, नुसतं जवळ असणं या कलमाखाली पुरेसं नाही. एका माणसाच्या शिक्षेचा प्रश्न आणि चर्चा कशावर, तर नसलेल्या कॉमावर!

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या मेन राज्याची. ओकहर्स्ट डेअरी ही दुधाची कंपनी आणि तिचे गाडीवाले ड्रायव्हर. त्या राज्याच्या कायद्यात कोणत्या कामांना ओव्हरटाइम मिळणार नाही याची यादी होती. यादीच्या शेवटी होतं, "पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन". कंपनी म्हणाली, ही दोन कामं आहेत: पॅकिंग एक आणि वाटप दुसरं, ड्रायव्हर वाटप करतात, म्हणून ओव्हरटाइम नाही. ड्रायव्हर म्हणाले, "शिपमेंट" नंतर कॉमा नाही, म्हणजे हे एकच काम आहे, पॅकिंग. मग ते पाठवण्यासाठी असो की वाटपासाठी. आम्ही पॅकिंग करतच नाही! २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ड्रायव्हरांच्या बाजूने कौल दिला आणि २०१८ मध्ये कंपनीने ५० लाख डॉलरवर तडजोड केली. राज्याने नंतर कायद्याची ती यादीच बदलली आणि प्रत्येक कामानंतर अर्धविराम टाकला. पोळल्यावर ताकही फुंकून प्यायले म्हणायचे.

गोंधळाचं मूळ: "विराम" हा शब्द

आता मुद्द्यावर येऊ. आपण मराठी मुलं इंग्रजीत कॉमा चुकवतो, ते आळसाने नाही. आपल्याला शिकवलेली कसोटीच वेगळी आहे.

मोडीतली जुनी कागदपत्रं बघितलीत तर त्यात विरामचिन्हं नाहीत आणि दोन शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसते. आधी ओळभर आडवी रेघ मारायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची. वाचणारा संदर्भावरून तोडत तोडत वाचायचा. मग ब्रिटिश काळात शाळा आणि छापील पुस्तकं आली, आणि इंग्रजीतली चिन्हं मराठीत घ्यायचं काम मेजर थॉमस कँडी या इंग्रज माणसाने केलं. एमपीएससीची तयारी करणाऱ्यांना हे नाव पाठ असेल. "विरामचिन्हांची परिभाषा" हे त्याचं पुस्तक १८५० सालचं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या कामातही तो होता.

म्हणजे चिन्हं इंग्रजीकडून आली, पण आपण त्यांना नाव दिलं "विराम", म्हणजे थांबणं. स्वल्पविराम म्हणजे थोडं थांबा, पूर्णविराम म्हणजे पूर्ण थांबा. शाळेत बाई तसंच वाचून घ्यायच्या. मराठीत ही कसोटी बऱ्यापैकी चालते, कारण मराठीत अर्थ सांभाळायला विभक्ती आहे. हे उदाहरण बघा:

"सर, भेटलात का?" आणि "सरांना भेटलात का?"

मराठीत "ना" हा प्रत्यय सगळं सांगून टाकतो. कॉमा खाल्लात तरी कुणी गोंधळणार नाही. आता हेच इंग्रजीत:

"डिड यू मीट, सर?" आणि "डिड यू मीट सर?"

शब्द तेच, क्रम तोच. पहिल्यात सरांनाच विचारताय, दुसऱ्यात सरांबद्दल विचारताय. इंग्रजीकडे "ना" नाही, म्हणून ते काम कॉमा करतो. सुरुवातीला इंग्रजीतही ही चिन्हं मोठ्याने वाचणाऱ्याच्या सोयीची होती. छपाई वाढली, लोक मनात वाचू लागले, तसं चिन्हांचं मुख्य काम झालं वाक्याचे जोड दाखवणं: कोणता तुकडा कोणाला चिकटलाय आणि कोणता सुटा आहे. म्हणून इंग्रजी लिहिताना "मी इथे श्वास घेतो का?" असं विचारू नका. "इथे वाक्याचा जोड आहे का?" असं विचारा.

कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल. सी किंवा जावामध्ये अर्धविराम विसरलात की कंपायलर ओरडतो, पुढे जाऊच देत नाही. माणूस ओरडत नाही. तो स्वतःला वाटेल तो अर्थ लावतो आणि पुढे जातो.

आपण नेमके कुठे चुकतो: सहा जागा

एक: दोन वाक्यं कॉमाने चिकटवणं. मराठीत "मला बरं नव्हतं, मी आलो नाही" हे छान चालतं. तेच आपण इंग्रजीत नेतो: "आय वॉज नॉट वेल, आय डिड नॉट कम." हे चूक. कॉमाच्या दोन्ही बाजूंना आपापल्या पायावर उभी राहणारी वाक्यं असतील तर एकटा कॉमा ती पेलू शकत नाही. मग तीन उपाय. फुलस्टॉप द्या: "आय वॉज नॉट वेल. आय डिड नॉट कम." किंवा जोडशब्द द्या: "आय वॉज नॉट वेल, सो आय डिड नॉट कम." किंवा अर्धविराम द्या: "आय वॉज नॉट वेल; आय डिड नॉट कम." शंका असेल तर फुलस्टॉप, तो कधी दगा देत नाही. आणि एक सापळा: "हाउएव्हर" आणि "देअरफोर" हे शब्द "बट" आणि "सो" सारखे दिसतात, पण ते दोन वाक्यं जोडत नाहीत. त्यांच्या आधी फुलस्टॉप किंवा अर्धविराम लागतो, आणि नंतर कॉमा.

दोन: "की"चा कॉमा. "तो म्हणाला, की मी येतो" असं लिहायची आपल्याला सवय. म्हणून इंग्रजीत होतं: "ही सेड, दॅट ही वुड कम." इथला कॉमा काढा. "ही सेड दॅट ही वुड कम." बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे अवतरणात देत असाल तरच "सेड" नंतर कॉमा ठेवा.

तीन: दम लागला म्हणून कॉमा. "द फाइल्स दॅट यू सेंट ऑन फ्रायडे, आर नॉट ओपनिंग." इथे वाचताना आपण थांबतो, पण जोड नाही. कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये एकटा कॉमा येत नाही, कर्ता कितीही लांब असो. मध्ये जादा माहिती घातली असेल तर कॉमा जोडीने येतात, कंसासारखे: "माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन नाशिक, इज कमिंग." एक उघडलात तर दुसरा बंद करा. दोन्ही काढलेत तर अर्थ बदलतो, हेही लक्षात ठेवा. कॉमा आहेत म्हणजे भाऊ एकच, आणि तो नाशिकला राहतो. कॉमा नाहीत म्हणजे भाऊ अनेक, त्यातला नाशिकवाला येतोय.

चार: हाक आणि हो-नाही. "येस, सर." "थँक यू, मॅडम." "नो, वेट." कुणाला हाक मारली किंवा आधी हो-नाही सांगून मग बोललात, की मध्ये कॉमा. माझी चूक याच जागेची.

पाच: अपॉस्ट्रॉफी. वर लटकणारं ते शेपूट. याला दोनच मुख्य कामं. पहिलं, चा-ची-चे दाखवणं: "माय ब्रदर’स फ्लॅट" म्हणजे एका भावाचा फ्लॅट. "माय ब्रदर्स’ फ्लॅट" म्हणजे भावांचा, एकापेक्षा जास्त भावांचा. कानाला दोन्ही सारखेच! पण फ्लॅट कोणाच्या नावावर, हे त्या शेपटाच्या जागेवर ठरतं. दुसरं काम, गाळलेलं अक्षर दाखवणं: "डोन्ट", "कान्ट", "आय’म". आता "इट्स"चा घोळ. शेपूटवालं "इट’स" म्हणजे "इट इज" (किंवा "इट हॅज"). बिनशेपटाचं "इट्स" म्हणजे त्याचा-त्याची-त्याचं. कसोटी सोपी: तिथे "इट इज" घालून वाचा. वाक्य लागलं तर शेपूट द्या, नाही लागलं तर देऊ नका. फोनचं ऑटोकरेक्ट इथे बऱ्याचदा चुकीचं घालतं, त्याच्या भरवशावर राहू नका. आणि अनेकवचनाला शेपूट नसतं. "फोटो’स", "मोबाईल’स" अशा पाट्या स्टेशनपासून घरापर्यंत मोजत या, वेळ छान जातो.

सहा: प्रश्न नसलेल्याला प्रश्नचिन्ह. "प्लीज टेल मी व्हेन विल यू कम?" असं आपण सर्रास लिहितो. मराठीत बघा: "तू कधी येणार ते सांग." इथे आपण प्रश्नचिन्ह देत नाही, कारण वाक्य प्रश्न नाही, विनंती आहे. इंग्रजीतही तसंच: "प्लीज टेल मी व्हेन यू विल कम." शेवटी फुलस्टॉप, आणि "विल यू" उलटून "यू विल". या एका ठिकाणी आपलं मराठी आपल्याला बरोबर रस्ता दाखवतं.

मग चॅटवरचं काय?

आता तुम्ही म्हणाल, दादा, व्हॉट्सॲपवर एवढं कोण बघतं? बरोबर आहे. चॅटवर मेसेज पाठवणं हाच फुलस्टॉप झालाय. उलट "ओके." असं टिंबासकट लिहिलं तर समोरच्याला वाटतं, चिडलाय वाटतं. मित्रांच्या ग्रुपवर खुशाल बिनचिन्हांचं लिहा. पण जिथे तुमच्या मेसेजवर कुणीतरी काहीतरी करणार आहे, म्हणजे बटण दाबणार, पैसे पाठवणार, निघणार किंवा थांबणार, तिथे चिन्हं हवीतच. तिथे ते चॅट नसतं, ती सूचना असते. आणि नोकरीचा अर्ज, कॉलेजला मेल, घरमालकाला पत्र ही तर उघडच दुसरी गोष्ट.

फोनवर तीन सवयी लावून घ्या. पहिली: चिन्ह आधीच्या शब्दाला चिकटून आणि नंतर एक जागा. आपल्याकडे उलटं दिसतं, शब्द, मग जागा, मग कॉमा. त्याने ओळ मोडली की कॉमा एकटाच पुढच्या ओळीवर जाऊन बसतो. दुसरी: बऱ्याच कीबोर्डवर स्पेस दोनदा दाबली की फुलस्टॉप आपोआप येतो, ट्रेनमध्ये एका अंगठ्याने टाईप करताना हे फार उपयोगी. तिसरी: बोलून टाईप करत असाल तर इंग्रजीत "कॉमा", "फुलस्टॉप" असं तोंडाने म्हणा, फोन ते चिन्ह टाकतो. आजूबाजूचे बघतील. बघू द्या.

आणि ढीगभर टिंबं नकोत. प्रत्येक वाक्यानंतर चार-चार टिंबं देऊन पुढे जायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. त्यातून वाचणाऱ्याला कळतच नाही की बोलणं संपलं की अजून काही यायचंय.

या आठवड्याचा गृहपाठ

तुम्ही पाठवलेला एखादा जुना इंग्रजी मेल काढा. तीनदा वाचा. पहिल्यांदा फक्त फुलस्टॉप बघा: प्रत्येक वाक्य जिथे संपतं तिथे तो आहे का? दुसऱ्यांदा प्रत्येक कॉमावर बोट ठेवा आणि विचारा, हा जोडावर आहे की नुसता दम खायला बसलाय? तिसऱ्यांदा ज्याने हा मेल वाचला असेल त्याच्या जागी बसून वाचा, आणि मुद्दाम चुकीचा अर्थ निघतो का ते बघा. निघत असेल तर तिथेच कुठेतरी चिन्ह हवंय.

इंग्रजी उच्चार, शब्दसंग्रह, मोठमोठे शब्द यांना वर्षं लागतात, आणि त्यावरून आपल्याला हिणवणारेही भेटतात. चिन्हांचं तसं नाही. वरच्या सहा जागा एका शनिवार-रविवारात होतात. मराठी माध्यमातल्या पोरांनी तरी हे सोडू नये, कारण पहिला संशय आपल्याच इंग्रजीवर घेतला जातो. त्या सोमवारी तेच झालं. चूक लिहिणाऱ्याची होती आणि बोलणी वाचणारीला बसली.

ती आता दुसऱ्या टीममध्ये सिनियर आहे. अधूनमधून चॅटवर काही विचारलं तर तिचं उत्तर येतं, "नो, वेट." कॉमासकट. मी समजतो काय समजायचं ते.

चला, पाऊसही जरा थांबलाय. तुमच्या किंवा आजूबाजूच्या कुणाच्या कॉमाने काही घोळ घातला असेल तर नक्की कळवा, नाव न घेता पुढच्या भागात वाचून दाखवेन. भेटू. काळजी घ्या, मंडळी. बघा, इथेही कॉमा आहे. तो काढलात तर मंडळींनी काळजी घ्यायची की मंडळींची काळजी तुम्ही घ्यायची, असा नवा घोळ व्हायचा.